पाठकोऱ्या कागदांचा ऑपेरा

"एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही कागद वाया गेलेला नाही!"

कागदकाकूंनी हे शुक्रवारी दुपारी तीन वाजता छातीठोकपणे सांगितलं. माणसाने असं काही तीनला बोलू नये. बोलायचंच असेल तर पाचनंतर बोलावं, कारण ऑपेऱ्याचं वाचन चारला होतं.

काकू विद्यापीठाच्या संगीत विभागात स्वरलिप्यांचं कपाट सांभाळत. ज्याला जे पान हवं ते छापायचं, टाचायचं, हातात द्यायचं. मशीन सुरू करण्यापूर्वी त्याला हात जोडायचे, हा त्यांचा रोजचा नेम. यंदा विभागाने एका संगीतकाराकडून खास नवा ऑपेरा लिहून घ्यायचं ठरवलं होतं. ऑपेरा म्हणजे ज्यात 'जरा पाणी दे' हेसुद्धा गाऊन मागतात, असं नाटक! संगीतकार मोठा गुणी माणूस, पण पान मागितलं की एकच उत्तर, "उद्या." त्यामुळे सगळे त्यांना उद्यासाहेब म्हणत. तोंडावर!

गोष्ट होती दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीची. बापाशी भांडून ती वादळात होडी घेऊन निघते. पुढे? परत येते की बुडते? इथेच सगळं अडलं होतं. उद्यासाहेबांनी शेवट सहा वेळा लिहिला. तीनदा मुलगी बुडाली, तीनदा वाचली!

"अहो साहेब, एकदाचं काय ते ठरवा ना," काकू म्हणत. "चार महिन्यांनी मी निवृत्त होणार. त्या पोरीचं काय झालं ते कळल्याशिवाय मला घरी चहा गोड लागायचा नाही."

आणि आज तर वाचनाला, म्हणजे कागद हातात धरून गायलेला ऑपेरा ऐकायला, समिती येणार होती. तिला आवडलं तर ऑपेरा रंगमंचावर, नाहीतर कायमचा काकूंच्या कपाटात. मग पोरीचं काय झालं ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी उद्यासाहेबांनी सातवा शेवट आणून दिला. मुलगी परत येते! काकूंनी आनंदाने मशीनला हात जोडले आणि पाहिलं, तर कोरे कागद संपलेले. दुसरी कुणी घाबरली असती. काकूंकडे पाठकोऱ्या कागदांचा ढीग होता! आधीचे सहाही शेवट एका बाजूलाच छापलेले होते. त्यांनी नवा शेवट त्यांच्या कोऱ्या पाठीवर छापला आणि जुन्या बाजूवर लाल पेन्सिलीने टपोरी फुली मारली.

"फुली दिसली की ते पान मेलेलं समजायचं," त्यांनी गाणाऱ्या मुलांना बजावलं. "तिकडे बघायचं नाही."

वाद्यवृंद चालवणाऱ्या छडीसरांनीही बजावलं, "नव्या कामाचं पहिलं वाचन कधी थांबवत नाहीत. कागदावर असेल ते गायचं. चुकलात तरी पुढे. छत कोसळलं तरी पुढे!"

चारला वाचन सुरू झालं. समितीतले तिघे पहिल्या रांगेत. त्यातले एक आजोबा झोपेसाठी प्रसिद्ध होते आणि दहाव्या मिनिटाला त्यांनी कीर्तीला साजेशी मान टाकली. तरी सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेवटचा प्रवेश आला आणि दिवेवाल्या मामांना वाटलं, दीपगृहाचा प्रवेश आहे, लाल दिवा लावून तर बघू!

रंगमंच लालभडक झाला. कागद लाल झाले. आणि भांडी घासायची वेळ झाली की घरातली माणसं नाहीशी होतात ना, तशा काकूंच्या सगळ्या लाल फुल्या नाहीशा झाल्या!

बापाने हात पसरून गायलं, "आलीस का गं, बाळ!"

मुलीने पान उलटलं. फुली दिसेना. तिसरा शेवट दिसला. "मी बुडाले, बाबा..." असं गात ती गुणी पोर सरळ जमिनीवर आडवी झाली.

मागे उभ्या गाणाऱ्यांचा निम्मा घोळका ओरडला, "परतली, परतली!" उरलेला निम्मा रडला, "गेली हो, गेली!"

बापाने पान उलटलं. त्याच्या मागे पाचवा शेवट. "थांब, मीच येतो तुला शोधायला!" असं गात तो तिला ओलांडून निघून गेला!

खर्जातल्या जाड्या मुलाच्या पानामागे तर विभागाची जुनी सूचना निघाली. ढिगात आली असावी. पण कागदावर असेल ते गायचं! त्याने धीरगंभीर आवाजात सुरू केलं, "वाद्यखोलीच्या चाव्याऽऽ... पाचपूर्वीऽऽ... जमा कराव्याऽऽत!"

पडद्यामागून काकू दिव्यांकडे धावल्या. "मामा, दिवा बदला हो!"

"काकू, आत्ता कुठे रंग भरलाय!"

त्यांनी छडीसरांना खूण केली. सर नुसते ओठांनी म्हणाले, "पुढे!"

संपलं तेव्हा एकही टाळी वाजली नाही. काकू कशाला थांबतात! मुलांच्या हातांतली पानं ओढून घेत त्या तडक कार्यालयात गेल्या. कोपऱ्यात जुन्या प्रश्नपत्रिका फाडायचं मशीन होतं. या मशीनला मात्र हात न जोडताच त्यांनी बटण दाबलं. एकतीस वर्षांची अब्रू घर्रघर्र करत आत गेली.

शेवटचं पान आत जातं न जातं तोच दार धाडकन उघडलं. उद्यासाहेब!

"काकू, पसंत! आजोबा जागे झाले! 'पोर बुडाली की नाही' म्हणून समितीत भांडण लागलंय, त्यांना पुढचं ऐकायचंच आहे! लेक समोर पडलेली आणि बाप तिलाच शोधायला निघाला... अहो, सात वेळा लिहून मला हे सुचलं नाही! फक्त एक अट आहे त्यांची. आज झालं अगदी तसंच बसवायचं. चाव्यांसकट! कुठल्या पानामागे काय होतं, ते त्या कागदांशिवाय कुणालाच ठाऊक नाही. आणा ते इकडे!"

काकूंनी मशीनखालच्या टोपलीकडे पाहिलं. पिंजलेल्या कापसासारखा ऑपेरा काठोकाठ भरला होता.

त्यांनी खण उघडून डिंकाची बाटली काढली, पदर खोचला आणि पहिली पट्टी उचलली.

"कधी मिळेल, काकू?"

काकू मान वर न करता पुटपुटल्या, "उद्या."