‘सक्तीने’ या पर्यायाचा खुलासा

पंडितच्या धाकट्या मेहुणीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत तो तेव्हा मदत-पुस्तिका लिहायचा. ‘पंडित’ हे नाव ऑफिसने कुचेष्टेने ठेवलेलं, त्याने मानाचं म्हणून घेतलेलं!

लेखनप्रमुखाची खुर्ची रिकामी होती. विभागाच्या बाईसाहेब म्हणाल्या, "आपल्या सॉफ्टवेअरच्या ‘साफ’ या आज्ञेतला ‘सक्तीने’ हा पर्याय कुणालाच कळत नाही. सोमवारी नीट खुलासा दाखवा, मग खुर्चीचं बघू."

पुस्तिकेत त्यापुढे एकच ओळ होती : ‘न विचारता साफ करतो.’ ती आज्ञा बनवणाऱ्या म्हाताऱ्या इंजिनिअरला सगळे आजोबा म्हणत. पंडित त्यांच्याकडे गेला.

"काय साफ करतो, आजोबा?"

"सॉफ्टवेअरमध्ये जे नोंदवलेलं नाही, ते सगळं."

"म्हणजे कचरा!"

"अरे, पुरतं ऐकून तरी घे..."

"लिहायचं माझ्यावर सोडा. माझ्या सासूबाईंनाही कळेल असं लिहितो!"

आणि लिहिलं की! अंड्यावर कोंबडी बसावी तसा आठवडाभर खुलाशावर बसला. प्रस्तावना, उपप्रस्तावना, आकृत्या, तळटीपा आणि तळटीपांच्या तळटीपा!

"अरे, खुलासा सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून तरी टाक," शेजारच्या टेबलावरची लेखिका म्हणाली.

"अर्धवट काम नोंदवायला मी काय इंजिनिअर आहे? अजून स्वल्पविराम बघायचेत!"

सोमवारी त्याने बाईसाहेबांपुढे घसा खाकरून वाचलं, "या पर्यायाने फक्त निरुपयोगी फायली जातात."

"नक्की?"

"हा काय, आत्ता दाखवतो!"

आणि पठ्ठ्याने ज्या फोल्डरमध्ये खुलासा होता, तिथेच आज्ञा चालवली. सक्तीने! पापणी लवायच्या आत फोल्डर धुतल्या तांदळासारखा!

"खुलासा कुठाय?" बाईसाहेबांनी विचारलं.

"इथेच... होता."

आजोबांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून पडदा पाहिला. "नोंदवला नव्हतास?"

"नाही."

"मग आमच्या आज्ञेने तुझं लिखाण बरोबर ओळखलं म्हणायचं!"

"परत आणा ना, आजोबा! खुर्ची मिळाली म्हणून सासुरवाडीत सांगून बसलोय!"

"येत नाही रे परत. सक्तीने म्हणालास ना?"

खुर्ची शेजारच्या टेबलावरचीला मिळाली. पुस्तिकेत आजोबांनी स्वतः लिहिलं : ‘नोंद नसलेल्या फायली कायमच्या पुसतो. त्यात तुमचं काम असेल, तर तेही.’

ही ओळ आपल्यामुळे आली, असं पंडित सासुरवाडीत अजून सांगतो. खोटं कोण म्हणेल?

आजोबा त्याच वर्षी हिवाळ्यात वारले; त्यांची ती ओळ मात्र पुस्तिकेत अजून तशीच आहे.