नाना आरपार

अंधारात फोटो काढावा तर हितेंद्रनेच, असं एरंडोलात कोणीही म्हणत नव्हतं. हितेंद्र स्वतःच म्हणायचा!

"फ्लॅश मारून फोटो काय कोणीही काढेल. दिव्याच्या उजेडात काढून दाखवा!" असं तो बस स्टँडसमोरच्या आपल्या स्टुडिओत येईल त्याला ऐकवायचा. पासपोर्ट फोटोपुरता आलेला माणूसही त्यातून सुटत नसे. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याने ही विद्या कमावली होती. कॅमेरा तिवईवर पक्का बसवायचा, शटर अर्धं मिनिट उघडं ठेवायचं आणि अंधारातून थेंब थेंब उजेड गोळा करायचा. पद्मालयाच्या तळ्यावर जाऊन त्याने चांदण्यांचे फोटो काढले. बायकोने, डिंपलने, ते बघितले आणि म्हणाली, "छान आल्यात. पण चांदण्यांच्यात लग्न-बारसं असतं का काही? माणसांचे काढा!"

म्हणून त्याने माणसांचा काढला. तिथेच सगळं बिघडलं.

श्रावणात अभिमन नानांकडे कानबाई बसली होती. आमच्या खानदेशात कानबाई म्हणजे सगळ्या भाऊबंदांनी एका छताखाली येण्याचा सण. सुरतेला गेलेला, नाशकात रमलेला, बांधावरून डोकं फोडून घेतलेला, झाडून सगळे थोरल्या घरी हजर! घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदांनीच संपवायचे. बाहेरच्याला कणभरही नाही. रात्रभर जागर, सकाळी नदीवर विसर्जन.

जागराच्या रात्री फोटोसाठी बोलावलेल्या हितेंद्रने सगळे दिवे बंद करवले. फक्त देवीपुढच्या समया ठेवल्या. भाऊबंद ओळीने बसले, आणि सर्वांच्या मागे, चौरंगाला लागून, मागच्या दाराशी खुर्चीवर नाना. घरातलं सगळ्यात मोठं माणूस, सत्तरी उलटलेलं, पण अजून बैलाचं शिंग धरून त्याला मागे रेटणारं.

"कोणी हलायचं नाही!" हितेंद्र गरजला. "मान नाही, पापणी नाही! श्वाससुद्धा बेतानं!"

सगळे दगड झाले. हितेंद्रची नजर घड्याळावर.

आता नानांचं एक गुपित होतं. श्रावणभर तंबाखू तोंडात घालणार नाही, अशी त्यांनी कानबाईपुढे शपथ घेतली होती. आणि त्या वेळी त्यांच्या डाव्या गालात भरघोस चिमूट होती! निम्मा वेळ त्यांनी कळ काढली. मग तोंड भरलं. नाना मांजराच्या पावलांनी उठले, मागच्या दारातून बाहेर गेले, पिंक टाकली आणि शटर बंद झाल्यावर परत येऊन बसले. पुढच्यांपैकी कोणी मान वळवली नाही. वळवणार कशी? हितेंद्रने बजावलं होतं ना!

सकाळी हितेंद्रने फोटो मोबाइलवर घेतला, उजेड बघून स्वतःवरच खूश झाला आणि लीलाधरला, नानांच्या थोरल्या मुलाला, पाठवून दिला. लीलाधर शाळामास्तर. त्याने तो भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला आणि मग नीट बघितला.

सगळी मंडळी ठसठशीत आली होती. नाना मात्र धुरासारखे होते. त्यांच्या पोटातून मागच्या खुंटीला टांगलेली छत्री दिसत होती!

"आई!" लीलाधर मोबाइल घेऊन आत धावला.

बेबाअक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, फोटो बघितला आणि मटकन खाली बसल्या. "मूठ!" त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "यासनी मूठ मी मोजी का नही?"

आठवेना. कोणालाच आठवेना! प्रत्येकाच्या नावाने गहू मोजताना मध्ये सुरतेचा फोन आला होता, एवढंच आठवलं. झालं! फोटोत नाना विरघळलेले, आणि रोटात त्यांची मूठ होती की नाही याची खात्री नाही. देवीने आणखी स्पष्ट काय सांगायचं?

नानांनीही फोटो बघितला. मग शांतपणे खाटेवर आडवे झाले. "मी चालनू रे भो," ते म्हणाले. "आते माले धरू नका."

हितेंद्र धावत आला. "अहो, काही नाही! नाना हलले असतील!"

"हलल्याने फोटो हलतो," सुरतेहून आलेला पुतण्या रूपचंद म्हणाला. "माणूस पातळ होत नाही. आम्हाला शिकवतो का?"

"नाना, तुम्हीच सांगा, उठला होतात ना?"

"नही," नाना डोळे मिटून म्हणाले. शपथेचं काय सांगणार?

त्या दिवसापासून नानांनी अन्न सोडलं. आधी भाकरी, मग भात, मग चहासुद्धा. ज्या हातांनी बैल आवरला त्या हातांना पेला पेलवेना. डॉक्टर म्हणाले, "रोग काही नाही. माणसानं मन सोडलंय. हेच चालू राहिलं तर आठवडा निघायचा नाही."

सुरतवाले परतलेच नाहीत. "आत्ता जायचं आणि लगेच पुन्हा यायचं, त्यापेक्षा थांबतो," रूपचंद म्हणाला. ओसरीत बोलणी सुरू झाली. लाकडं पावसात भिजलीत, आत्ताच पत्र्याखाली टाका. एक काकू तर नानांच्या उशाशी बसून कळवळून म्हणाल्या, "भाऊजी, रोट संपेपर्यंत तरी थांबा हो. मध्येच सुतक नको!" नानांनी मान डोलावली. एवढा भला माणूस!

हितेंद्र रोज जायचा आणि रोज जरा जास्त घाबरून परत यायचा. नानांची गालफडं बसली होती. आपल्या कॅमेऱ्यापायी एक धडधाकट माणूस मरायला टेकलाय, हा विचार त्याला सोडेना. एका दुपारी खाटेजवळ कोणी नाही असं बघून त्याने नानांचे पाय धरले.

नाना पुटपुटले, "त्या राती तंबाखू थुकाले ऊठेल व्हतू. कानबाईनी देखं."

"बाईने नाही हो नाना, कॅमेऱ्याने बघितलं!"

"कॅमेरामा बी तीच बसेल शे," नाना म्हणाले आणि भिंतीकडे वळले. हितेंद्र निघताना त्यांनी त्याला शपथ घातली, घरात सांगायचं नाही.

सांगायचं नाही, तर दाखवायचं! हितेंद्रच्या डोक्यात बेत शिजला. सगळ्यांनाच हलवू, सगळेच आरपार दिसतील, आणि मग हसतील!

"नानांचा सगळ्यांसोबत एक शेवटचा फोटो काढू," तो दिवेलागणीला लीलाधरला म्हणाला. लीलाधर रडला. बेबाअक्कांनी नानांचे केस विंचरले, टोपी घातली. खाट मधोमध, भोवती भाऊबंद, पुन्हा त्याच समया. या वेळी हितेंद्र स्वतःही खाटेच्या उशाशी उभा राहिला, म्हणजे कोणाला शंका नको. कॅमेरा आपोआप सुरू झाला. निम्मा वेळ गेला आणि हितेंद्र बोंबलला,

"साप! साप! खाटेखाली साप!"

काय पळापळ झाली! रूपचंद तर खिडकीतून गेला! बेबाअक्का उंबऱ्यावर अडखळल्या. पुरुष बायकांना तुडवून बाहेर पडले. खाटेवर फक्त नाना राहिले. "येऊ दे," एवढंच म्हणाले आणि हलले नाहीत.

सगळ्यांचा दम बसल्यावर हितेंद्रने मोठ्या थाटात कॅमेरा पुढे केला. "आता बघा! पळालात म्हणून सगळे आरपार! मीसुद्धा! आणि न हललेले नाना कसे खणखणीत! पटलं?"

मंडळी वाकली. खाटेवर नाना, मिशीचा केस न केस दिसणारे. भोवती सगळा गोतावळा धुराचा.

कोणीच हसलं नाही.

"म्हणजे," रूपचंद म्हणाला, "आपण सगळेच?"

"तो साप कुठे गेला?" कोणीतरी विचारलं.

"साप नव्हताच! मी मुद्दाम ओरडलो!"

"उगाच कोण ओरडतं? दिसल्याशिवाय?"

हितेंद्रने गळा फाडून सांगितलं, देवाची आण घेतली. कोण ऐकतो! सगळ्यांना एकच दिसत होतं: साप घरात आहे, आणि नाना सोडून सगळे चाललेत. एक काका तिथेच छाती धरून बसले. सुरतवाल्यांनी सुरतेला फोन लावून निरवानिरव सुरू केली. लीलाधर मास्तर गपचूप एका कोपऱ्यात जाऊन झोपला, हात छातीवर ठेवून.

आणि खाटेवर नाना उठून बसले! त्यांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"बाईनी माफ करं," ते म्हणाले. मग आवाज चढला. "बेबा, भाकर टाक! मी नही चालनू, मी आठेच शे!"

अक्का कुठल्या भाकरी टाकतात! त्या स्वतःच निघायच्या तयारीत होत्या. नानांनी स्वतः चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेंद्रच्या स्टुडिओबाहेर रांग लागली. अख्खी भाऊबंदकी, इस्त्रीच्या कपड्यांत, चेहरे उतरलेले. पुढे नाना, काठी आपटत.

"बठ्ठासना एकेक फोटो काढी ठेव," नाना अख्ख्या रांगेवरून काठी फिरवत म्हणाले. "मोठा काढ. वर हार घालाले जागा ठेव."

हितेंद्रने एकेकाला स्टुलावर बसवलं. फ्लॅश मारून! प्रयोगांना त्याने कानाला खडा लावला होता. रूपचंदने तर दोन वेळा काढून घेतला, पहिल्यात तो पुरेसा भला दिसत नाही म्हणून. नाना प्रत्येक फोटोला "बरा शे" म्हणत होते. शेवटचा माणूस उठला तेव्हा ते दारात थांबले, वळले आणि हितेंद्रकडे डोळे बारीक करून बघत म्हणाले,

"तू बी व्हतास ना रे उशाशी? तुना फोटो कोन काढी?"

हितेंद्र मोठ्याने हसला. शटर कसं चालतं, उजेड कसा साठतो, त्याच्याइतकं तालुक्यात कोणाला ठाऊक! तो दिवसभर हसतच होता.

संध्याकाळी डिंपल जेवायला बोलवायला आली, तर स्टुडिओचं शटर अर्धं ओढलेलं. आत हितेंद्र नवा सदरा घालून, भांग पाडून, स्टुलावर ताठ बसला होता आणि समोर कॅमेरा आपोआप टिकटिकत होता.

"हे काय नवीन?"

"असाच. आपला एक असावा."

कॅमेरा वाजला. डिंपलने पडद्यावर बघितलं, नाक मुरडलं आणि म्हणाली,

"अहो, हललात की तुम्ही!"