रुखमाचा साठचा बल्ब

सकाळी आठ वाजल्यापासून सोमाजी गुरनुले स्वतःच्याच घरात एक जुना पिवळा बल्ब शोधत होता. तो सापडत नव्हता, आणि याला जबाबदारही तोच होता. दोन वर्षांपूर्वी त्यानेच घरातले सगळे बल्ब काढून एलईडी लावले होते आणि येईल-जाईल त्याला बटण दाबून दाखवले होते. आता दहा वाजता खैरबोडीच्या ग्रामपंचायतीसमोर टेम्पो येणार होता. जुना बल्ब द्यायचा आणि नवा एलईडी फुकट न्यायचा, अशी मोहीम होती. सोमाजी गावच्या ऊर्जाबचत समितीचा अध्यक्ष. पहिला बल्ब त्याने द्यायचा आणि त्याचा फोटो निघायचा, हे ठरलेलं होतं.

सोमाजीला अध्यक्ष व्हायची भारी हौस. तंटामुक्तीचा होऊन झाला, शाळा समितीचा होऊन झाला. गावात नवी समिती निघाली की लोक आधी त्यालाच विचारत, म्हणजे पुढची कटकट वाचते. आता अध्यक्षानेच रिकाम्या हाताने जायचं म्हणजे नाक कापलं जाणार.

शोधता शोधता तो मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, आला आणि थबकला. कोपऱ्यात त्याच्या बायकोचं, रुखमाचं, खोकं होतं, आणि खोक्यात पिवळा बल्ब चांगला पेटलेला होता.

हे खोकं म्हणजे रुखमाचा जीव की प्राण. मासळीबाजारातून आणलेलं थर्माकोलचं खोकं, त्यात साठ वॅटचा बल्ब, पाण्याची वाटी, थर्मामीटर आणि गावरान कोंबड्यांची चव्वेचाळीस अंडी, प्रत्येकावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल. मूल या तालुक्याच्या गावी बचत गटाच्या प्रशिक्षणात ती हे शिकून आली होती. पहिल्या खेपेला मधेच बल्ब उडाला आणि एकही पिल्लू निघालं नाही. तेव्हा तिची मोठी जाऊ कलाबाई गावभर सांगत फिरली, "खोकं कधी माय होते का, बापा?" ते वाक्य रुखमाच्या काळजात रुतून बसलं होतं. या वेळी तिने मूलहून नवा बल्ब आणला, दुकानात तीनदा पेटवून पाहिला आणि तो कोणी दुसरीकडे लावू नये म्हणून त्याच्या मानेवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. पिल्लं निघतील त्या दिवशी गाव बोलवायचं आणि कलाबाईला सगळ्यांत पुढे बसवायचं, एवढंच तिचं मागणं होतं. आज पंधरावा दिवस होता.

सकाळच्या एसटीने मूलला गटाच्या बैठकीला जाताना ती बजावून गेली होती, "बारा वाजता अंडी फिरवजा जी. फुली वरती हाय, तं गोल वरती करजा. अन दुसऱ्या कशाले हात लावू नोका."

सोमाजीने दोन मिनिटं विचार केला. उजेड म्हणजे उजेड. उलट एलईडी जास्त पांढरा, पिल्लांना नीट दिसेल तरी! त्याने साठचा बल्ब काढला, फडक्यात गुंडाळला आणि त्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावला. खोकं लख्ख उजळलं. आपण बायकोचंही वीजबिल वाचवलं, या समाधानात तो ग्रामपंचायतीकडे निघाला.

कार्यक्रम झकास झाला. पहिला बल्ब देताना फोटो निघाला. मग सोमाजीने पेटता एलईडी मुठीत धरून भाषण ठोकलं.

"अर्धा घंटा झाला, सुरू हाय. हात लावून पाहा, थंडगार! जुना बलब काय करते? ईज खाते अन गर्मी फेकते. अरे, त्या गर्मीचा कोनाले उपेग?"

टाळ्या पडल्या. लोक रांगेने आले, कागदात गुंडाळलेले बल्ब मोठ्या भक्तिभावाने देऊन एलईडी घेऊन गेले. एकशे बारा बल्ब जमले. सरपंच उर्वशीबाईंनी ते पोत्यात भरून पोतं शिवलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. चार वाजता जिल्ह्याहून मोहीम चालवणाऱ्या संस्थेचे साहेब येणार होते. पोतं त्यांच्यासमोरच उघडायचं होतं.

बारा वाजता सोमाजी अंडी फिरवायला बसला. पहिलं अंडं हातात घेतलं आणि त्याचाच हात थंड पडला. थर्मामीटर पाहिलं. रुखमा साडेसदतीसच्या खाली येऊ देत नसे, आणि पारा सत्तावीसवर होता. पौषातली हवा सपरीतून आरपार जात होती.

त्याने गावच्या वायरमनला, झिंगूला, हाक मारून आणलं. झिंगूने खोक्यात पाहिलं, मग सोमाजीकडे पाहिलं.

"एलईडी गरम होत नाई, भाऊ."

"नाई म्हन्जे? लाईट तं पडून राह्यला ना!"

"तोच तं त्याचा गुन हाय. सकारी तुमीच सांगतलं, थंडगार."

"मंग दोन-चार लावून दे."

झिंगूने आणखी चार लावले. खोकं लग्नाच्या मांडवासारखं झगमगलं, पारा मात्र सव्वीसवर आला. सोमाजीने बाटल्यांत गरम पाणी भरून ठेवलं, वरून गोधडी टाकली. पारा तिशीपर्यंत चढला आणि पाणी निवलं तसा परत उतरला.

"साठचा बलब पायजे, भाऊ. दुसरा इलाज नाई."

"तुह्याकडे असन ना एखादा?"

"कुठचा? तुमीच दुकानदाराले विकू देल्ले नाई. समितीचा ठराव हाय." एवढं बोलून झिंगू हसू दाबत निघून गेला.

मूलहून येणारी एसटी साडेचारची होती. सोमाजीने टोपी घातली आणि बल्ब मागायला निघाला. इथे त्याच्या लक्षात आलं नाही ते एवढंच, की सकाळी मोहीम चालवणारा अध्यक्ष दुपारी दारात येऊन पिवळ्या बल्बची चौकशी करायला लागला, तर गाव त्याचा अर्थ काय लावणार.

पहिल्यांदा तो रामाजीच्या चहाटपरीवर गेला. आलूबोंडे गरम राहावेत म्हणून रामाजी काचेच्या पेटीत साठचा बल्ब लावत असे, हे सोमाजीला पक्कं ठाऊक होतं. अध्यक्ष येताना दिसताच रामाजीने पेटीवर वर्तमानपत्र पसरलं. वर्तमानपत्र आतून पिवळंधमक दिसायला लागलं.

"रामाजीभाऊ, एक गोष्ट इचारतो. पिवरा बलब हाय का?"

"आईची आन, दिवारीपासून डोऱ्यानं पाह्यला नाई!"

"मंग हे आलूबोंडे गरम कसे?"

"आताच काढले जी."

"तुही कढई तं थंडी हाय."

"तुमी आलूबोंडा घ्या, भाऊ. एक घ्या, दोन घ्या. पैसे नोको," रामाजी काकुळतीला आला. "पन साहेबाले काई सांगू नोका." तेवढ्यात वर्तमानपत्राच्या कडेला करपल्याचा वास यायला लागला आणि रामाजी घामाघूम होऊन त्यावर पाणी शिंपडू लागला. सोमाजी आलूबोंडा न घेताच निघाला.

उर्वशीबाईंच्या घरी सून बाळंतीण होती. खोलीच्या दाराखालून पिवळा उजेड अंगणापर्यंत आला होता. सोमाजीने प्रश्न विचारायच्या आतच उर्वशीबाई उंबरठ्यावर लुगडं पसरून बसल्या.

"सोमाजीभाऊ, मी सरपंच हावो. माह्या घरी पिवरा बलब राहीन का?"

"राह्यला तं बरं झालं असतं, बाई."

"तुमी मले फसवून राह्यले! मले समजते," उर्वशीबाई म्हणाल्या आणि उजेड झाकायला पाय आणखी लांब केले.

अशी त्याने आणखी सात घरं पालथी घातली. जिथे जाईल तिथे आधी बटण बंद झाल्याचा आवाज येई आणि मग शपथ. शेवटी एकच घर उरलं, कुंपणापलीकडचं. बातमी जिथे कळायलाच नको होती, ते कलाबाईचं घर.

कलाबाईच्या बकरीला आठ दिवसांपूर्वी दोन पिल्लं झाली होती. गोठ्याच्या तट्ट्यातून पिवळ्या उजेडाच्या तिरिपी बाहेर पडत होत्या.

"नाई बापा, आमच्या घरी कुठचा बलब!" सोमाजीने तोंड उघडायच्या आत कलाबाई म्हणाली.

आपली अध्यक्षपणाची खाज बायकोच्या पंधरा दिवसांच्या राखणीच्या मुळावर उठली, हे सोमाजीला आता नीट कळलं होतं आणि त्याची खरोखर लाज वाटत होती. तो मटकन कुंपणापाशी बसला.

"वयनी, मी तपासाले नाई आलो. रुखमाच्या खोक्यातला बलब मीच देऊन टाकला. अंडे थंडे पडून राह्यले."

कलाबाईने कुंपणावरून वाकून सपरीकडे पाहिलं.

"खोकं माय होत नाई, मी पयलेच म्हटलं होतं," ती म्हणाली, गोठ्यात गेली आणि तिने तट्ट्याचं दार लावून घेतलं. तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई धावत आला. साहेब आले होते, अध्यक्षांना बोलावलं होतं.

मांडवात फळीवर दोन मीटर आणि दोन होल्डर लावले होते. साहेब उत्साही होते. एकात एलईडी लावायचा, दुसऱ्यात जुना बल्ब, आणि कोण किती वीज खातो ते गावाला दाखवायचं. एलईडी पेटला. साहेबांनी पोत्यातून एक जुना बल्ब काढून लावला. तो पेटला नाही. दुसरा लावला. तोही नाही. पाच झाले, दहा झाले.

"होल्डर खराब आहे का?" साहेबांनी विचारलं. झिंगूने होल्डर बदलला. अकरावाही पेटला नाही, बारावाही नाही. मांडवात बसलेलं गाव एकजात पायाच्या अंगठ्याकडे बघू लागलं. उर्वशीबाईंना खोकला आला. रामाजी उठून पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही. सोमाजीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुना बल्ब द्या म्हटलं होतं. चालू असलेला द्या, असं कोणी म्हटलंच नव्हतं! गावाने वर्षानुवर्षं कोनाड्यात पडलेले मेलेले बल्ब खपवले होते आणि जिवंत बल्ब घरी ठेवले होते.

तेवढ्यात गावची राइस मिल सुरू झाली आणि व्होल्टेज हेलकावलं. फळीवरचा एलईडी डोळे मिचकावू लागला. साहेबांनी त्याच्याकडे पाठ केली आणि सतरावा बल्ब लावला.

तो पेटला. पिवळा, शांत, मानेवर लाल ठिपका.

"हा कोणाचा?" साहेब आनंदाने ओरडले.

विषय बदलायला उर्वशीबाईंना एवढंच हवं होतं. "आमच्या अध्यक्षाचा! फोटो हाय!"

"बघा! अख्ख्या गावात एकच प्रामाणिक माणूस!" साहेबांनी स्वतःच्या सत्कारासाठी आणलेली शाल सोमाजीच्या खांद्यावर टाकली, हातात नारळ दिला आणि बक्षीस म्हणून सहा एलईडी दिले. गावाने सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. त्याच टाळ्यांत साडेचारची एसटी येऊन थांबली.

रुखमा पिशवी घेऊन उतरली. तिने मांडव पाहिला, शाल पाहिली, मग पेटलेला बल्ब पाहिला. गर्दीतून वाट काढत ती सरळ फळीपाशी आली आणि ठिपक्याकडे निरखून बघू लागली. टाळ्या हळूहळू थांबल्या.

"ताई, तुमच्या मालकांचा प्रामाणिकपणा..." साहेब सांगू लागले.

"कायचा प्रामाणिकपना, साहेब? गेलेला बलब द्याची अक्कल अख्ख्या गावाले हाय. याच मानसाले नाई." तिने पदर हाताला गुंडाळला, तापलेला बल्ब फिरवून काढला आणि घराकडे चालू लागली. मांडव खदखदून हसला. पण मांडवाबाहेर पडताच ती पळायला लागली, ते सोमाजीने पाहिलं. तो शालीसकट तिच्यामागे धावला.

सपरीच्या दाराशी रुखमा थांबली. आत जायचा तिला धीर होईना. सोमाजी शाल सावरत तिच्या मागे येऊन पोचला. मग दोघांनाही दिसलं, की खोक्यातून पिवळा उजेड येतोय.

आतला बल्ब जुना, धुराने काळवंडलेला होता आणि त्यावर चुन्याचे शिंतोडे होते. पारा सदतीसवर होता. वाटीत ताजं पाणी होतं. धांदलीत सोमाजी फिरवायची विसरला ती चव्वेचाळीस अंडीही फिरवलेली होती; प्रत्येकावर गोल वर होता.

"कोनाचा बलब हाय हा?"

"मले नाई मालूम," सोमाजी म्हणाला. ते खरंही होतं.

रुखमाला मालूम होतं. पलीकडच्या गोठ्यात मागच्या महिन्यात चुना मारला होता. तिने कुंपणावरून डोकावून पाहिलं. गोठा अंधारा होता आणि कलाबाई बकरीची दोन्ही पिल्लं गोधडीत घेऊन बसली होती. रुखमाने लाल ठिपक्याचा बल्ब कुंपणावरून पुढे केला. कलाबाईने तो घेतला.

"मी खोक्यासाठी नाई केलं," ती म्हणाली. "आत जीव हाय म्हनून केलं."

सहा दिवसांनी अंडी फुटू लागली. गाव जमलं. कलाबाई बोलावण्याची वाट न बघता सगळ्यांत पुढे येऊन बसली. एकतीस पिल्लं निघाली. बक्षिसाच्या सहापैकी चार एलईडी तोवर राइस मिलने खाल्ले होते, आणि हमीच्या कागदावरचा फोन कोणी उचलत नव्हतं.

"एकतीसच?" कलाबाईने मोजून पाहिलं. "कोंबडीनं चाळीस काढले असते."

"तुमचा बलब नसता, बाई, तं एक बी नसतं निंगालं," रुखमा म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली. कलाबाईने एक ओलं पिल्लू उचलून पदराने पुसायला घेतलं.

आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. रुखमाने इकडेतिकडे पाहिलं. खुंटीवर सोमाजीची सत्काराची शाल घडी घालून टांगलेली होती. ती तिने ओढून काढली आणि खोक्यावर दुहेरी पांघरली. आतली चिवचिव हळूहळू निवांत झाली. कलाबाईने शालीखाली हात घालून पाहिला.

"गरम हाय बरं का," ती म्हणाली. "चाला, भाऊजीचा प्रामाणिकपना कोनाच्या तरी उपेगी पडला."