थांबाकाकांची घाई

बियाणं गेलं हे कळलं त्या सकाळी थांबाकाका सरकारला शिव्या देत होते. शिव्या रास्त होत्या. शुक्रवारच्या बातम्यांत एका बाईंनी सांगितलं होतं की गव्हाची निर्यात पुढील आदेशापर्यंत बंद. सोमवारी त्याच बाईंनी त्याच आवाजात सांगितलं की तो आदेश नव्हता, नुसता मसुदा होता, आणि चुकून वाचला गेला. मधल्या वेळात सगळ्या गावाने घाबरून आपापला गहू मिळेल त्या भावाला विकून टाकला होता. सोमवारनंतर भाव असा काही चढला की लोक बातम्या लावेनासे झाले.

काकांचं दुःख जास्त होतं, कारण त्यांनी जन्मात पहिल्यांदाच घाई केली होती. दर वर्षी कापणी झाली की ते धान्याच्या कोठीला टेकून म्हणत, "थांबू या जरा, भाव चढेल." नाव त्यावरून पडलं. काकू होत्या तोवर हे थांबणं बेताचं असे. एक दिवस काकू म्हणत, आता पुरे, आणि ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली जाई. काकू गेल्या तेव्हापासून 'आता पुरे' म्हणणारं घरात कोणी उरलं नाही, आणि त्यांच्या शेवटच्या हंगामातला विक्रीचा गहू कोठीत थांबला तो थांबलाच. त्यानंतरच्या वर्षी पीक बेताचं आलं. त्यातलं निवडक तेवढं बियाणं म्हणून दुसऱ्या कोठीत ठेवलं, बाकीचं खाण्यात आणि जनावरांत गेलं.

शुक्रवारची बातमी ऐकून शेजारचा शेतकरी कुंपणापाशी आला होता. त्याला गावात रेडिओ म्हणत, कारण तो सकाळी सुरू होई आणि झोपेपर्यंत बंद होत नसे. तो म्हणाला, "काका, यंदा तरी थांबू नका. काकू असत्या तर आत्ताच ट्रॉली जोडली असती." हे शेवटचं वाक्य काकांना लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते कोठी उपसून व्यापाऱ्याकडे रांगेत उभे होते.

तर त्या सकाळी काकांची मेव्हणी आली. पेरणीच्या आधी ती दर वर्षी यायची. दोघी बहिणी अंगणात चाळण्या घेऊन बसत आणि बियाणं साफ करत. ताई नसली तरी बियाणं साफ करायचं असतंच, म्हणून ती यंदाही आली होती. चहा न घेताच ती भरलेल्या कोठीच्या शिडीवर चढली, झाकण उघडलं, आत हात घालून मूठभर दाणे बाहेर काढले.

"भाऊजी, तुम्ही शनिवारी कुठली कोठी उपसली?"

"विक्रीची."

"मग विक्रीचा गहू इथे काय करतोय?"

काका शिडीवर चढले. दाणा बारीक, काळपट. वास कोंदट. कोठ्या दोन, दोन्ही पत्र्याच्या, एका मापाच्या, एकाच दिवशी आणलेल्या. काकू बियाण्याच्या कोठीच्या कडीला आपला डोक्याचा जुना रुमाल बांधून ठेवायच्या. गेल्या कापणीनंतर कोठी भरताना काकांनी ठरवलं होतं की रुमाल नको, आपल्या लक्षात राहील.

पहिल्यांदा त्यांना आनंद झाला. विक्रीचा गहू विकलाच गेला नव्हता, आणि भाव तर आभाळाला टेकला होता. हा आनंद शिडीवरून खाली उतरेपर्यंत टिकला.

"म्हणजे हा अख्खा माल आहे अजून," ते म्हणाले. "आणि भाव चढलाय."

"चढलाय ना," मेव्हणी म्हणाली. "मग पेरणार काय, भाव?"

हा गहू पेरता येणार नव्हता. दोन उन्हाळे तो कोठीत तापला होता. दळून खाता आला असता, पण मातीत घातला असता तर मातीतच राहिला असता. आणि जे गेलं ते नुसतं बियाणं नव्हतं. काकू कापणीच्या आधी टोपली घेऊन शेतात शिरत आणि मनाला येईल तीच लोंबी तोडून घेत. असं किती वर्षं चाललं होतं ते कोणी मोजलं नव्हतं. त्या गव्हाची ताटं वाऱ्याला आडवी होत नसत आणि दाण्याच्या पोटावर एक फिकट रेघ असे. दुसऱ्या कोणाच्या शेतात तो गहू नव्हता. काकांनी तो दळायच्या भावात विकला होता. वजन करताना व्यापारी दाणा दाताखाली धरून म्हणाला होता, "काका, माल एक नंबर आहे हो." काकांना वाटलं, शनिवारच्या गर्दीत हा सगळ्यांनाच असं म्हणत असेल.

दोघं लगेच व्यापाऱ्याकडे गेली. त्याचं दुकान मोठं सोयीचं होतं. मागच्या दाराने तो शेतकऱ्यांकडून धान्य घेई आणि पुढच्या दाराने शेतकऱ्यांनाच बियाणं विके. काका मागच्या दाराशी गेले आणि शनिवारचा माल परत मिळेल का असं विचारलं. का, ते सांगितलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गावाला थांबायचं शिकवलं, त्याने आपणच बियाणं विकून खाल्लं हे सांगायला जीभ उचलेना. व्यापाऱ्याने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि माल गेला म्हणून सांगितलं. मग काका पुढच्या दाराशी आले आणि गव्हाचं बियाणं आहे का, असेल तेवढं चालेल, असं म्हणाले.

हे वाक्य म्हणताना मागे रेडिओ उभा आहे हे त्यांनी पाहिलं नाही.

गावाला तोवर एक गोष्ट कळली होती. सगळ्यांनी गहू विकला, पण थांबाकाकांची एक कोठी भरलेलीच आहे. मेव्हणीने अंगणात दोन्ही कोठ्या उघड्या टाकल्या होत्या आणि रेडिओचं घर उंचावर होतं. लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला. काकांना मसुद्याचं आधीच माहीत होतं. शनिवारी एक ट्रॉली लोकांना दाखवायला नेली, खरा माल दाबून ठेवला. आणि आता असा माणूस बियाणं गोळा करतोय. म्हणजे बियाणं चढणार.

काका बँकेतून पैसे काढून ट्रॉली घेऊन परत येईपर्यंत पुढच्या दाराची रांग वळून मागच्या दारापर्यंत गेली होती. रांगेतल्या लोकांनी त्यांना अदबीने वाट करून दिली, पण तोवर आत फक्त मक्याच्या दोन पिशव्या आणि तराजू उरला होता.

मग काका घरोघर फिरले. एकेक पोतं मागितलं. कोणी नाही म्हटलं नाही, पण कोणी दिलंही नाही. लोक खुर्ची देत, पंखा लावत आणि हळूच विचारत की भाव साधारण कुठपर्यंत जाईल. काका म्हणाले, मला काही कल्पना नाही. लोक हसून म्हणाले, बरं, नका सांगू. एका म्हाताऱ्याने तर आपलं बियाणं पलंगाखाली हलवलं आणि पलंगावर झोपूनच काकांशी बोलला.

जमीन वाफशावर आली होती, पेरणीला हवी तेवढीच ओल तिच्यात होती. आणखी दोन आठवडे गेले असते तर वरचा थर सुकून पेरणी लांबली असती, आणि लांबलेला गहू उन्हात सापडतो. मेव्हणी म्हणाली, "आता सांगून टाका. लाज पेरता येत नाही."

दुसऱ्या दिवशी शेतकी कार्यालयाचे साहेब पेरणीपूर्व सभेला आले. शाळेच्या सभागृहात लहान मुलांच्या बाकांवर गावातली मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. साहेबांनी सांगितलं की यंदा सरकारचं धोरण गहू कमी करण्याचं आहे. कोणीतरी विचारलं की गेल्या वर्षी तर गहू वाढवण्याचं होतं. साहेब म्हणाले, तेही धोरणच होतं. बियाणं कुठे मिळेना असं लोक म्हणाले, तेव्हा साहेबांनी तक्ता पाहून सांगितलं की तालुक्यात बियाण्याचा तुटवडा नाही. मग रेडिओ उठला आणि म्हणाला की सरकारचं ऐकून आम्ही बुडालो, आता काकांनी दोन शब्द बोलावेत.

काका उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. रुमाल बांधायचा राहिला तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "मला काही कळत नाही बाजारातलं. मी चुकून वाचलो आणि चुकूनच बुडालो. कोणाकडे पेरायला असेल तर द्या."

मग मागून एकजण हसला, मग सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या.

"काका, बियाण्याचा भाव पाडताय होय," रेडिओ कौतुकाने म्हणाला. "मानलं तुम्हाला."

मेव्हणीने उठून हे खरं असल्याचं सांगितलं. त्यावर लोक म्हणाले, मावशी, तुम्ही घरच्याच. ते मनावर फक्त साहेबांनी घेतलं, आणि तेही उलटं. भरलेली कोठी, गावात बियाणं नाही, आणि मालक सांगतोय माझ्याकडे काही नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते दोन माणसं आणि नमुन्याच्या पिशव्या घेऊन काकांच्या अंगणात हजर झाले. बियाण्याची साठेबाजी, असं त्यांनी कारण दिलं.

कुंपणावर सगळा गाव जमला. साहेबांनी वरून, मधून, तळातून गहू काढला, मोजून दाणे ओल्या कागदात गुंडाळले आणि कार्यालयात नेले. काका म्हणाले, यात काही उगवणार नाही. साहेब म्हणाले, ते आम्ही ठरवू. काही दिवसांनी ते शिक्क्याचा कागद घेऊन आले आणि सगळ्यांसमोर वाचला. या गव्हाला बियाणं म्हणता येत नाही. शंभरातले तीन दाणे उगवले.

"उरलेले तुमच्यावर गेलेत, भाऊजी," मेव्हणी म्हणाली. "थांबलेत."

काकांवरचा आरोप सुटला. त्याबरोबर त्यांची कीर्तीही सुटली. सरकारी शिक्का म्हटल्यावर गावाला पटलं की काका खरंच बोलत होते. लोक एकेक करून कुंपणावरून उतरले आणि जमिनीकडे बघत घरी निघाले. रेडिओ तेवढा थांबला. तो पहिल्यांदाच बंद होता. थोड्या वेळाने घरी जाऊन त्याने अर्धं पोतं खांद्यावर टाकून आणलं आणि काकांच्या पायरीवर ठेवलं.

"पेरून एवढंच उरलं," तो म्हणाला. "दुकानातलं आहे. चढ्या भावाने दिलं त्याने. म्हणाला, खास माल आहे, मोजक्यांनाच देतोय. पण गावात सगळ्यांनी तेच घेतलंय."

मेव्हणीने पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळ भरून उजेडात धरली. मग ती पायरीवर बसली.

"भाऊजी, हा ताईचा गहू आहे."

काकांनी एक दाणा उचलला, उलटा केला, पोटावरची फिकट रेघ पाहिली. व्यापाऱ्याने मागच्या दाराने घेतलेला माल पुढच्या दारात आणून ठेवला होता, आणि काकांच्याच नावाने उठलेल्या अफवेवर तो सगळ्या गावाला विकला होता. गावाने तो घाईघाईने पेरलाही होता, भाव आणखी चढायच्या आत.

रेडिओ ओशाळला. व्यापाऱ्याला धरून आणू का असं त्याने विचारलं. काका उठून कुंपणापाशी गेले. पलीकडे रेडिओचं शेत होतं, त्यापलीकडे म्हाताऱ्याचं, मग रस्त्यापर्यंत इतरांची. सगळीकडे दोन बोटं उंचीचे कोंब वर आले होते.

"सगळ्यांकडे पेरला की तिने," काका म्हणाले.

"आपलं सोडून," मेव्हणी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग तिला हसू आलं, आणि काकांनाही.

संध्याकाळपर्यंत बातमी पोचली. आता रेडिओ चालू झाला होता आणि या वेळी उपयोगी पडला. ज्यांच्याकडे घमेलंभर, पिशवीभर उरलं होतं ते त्यांनी आणून दिलं. म्हाताऱ्याने पलंगाखालची पिशवी आणली आणि पैसे घेईना. मेव्हणीने चाळणी धरली, काकांनी दुसरी. सगळं मिळून खालच्या शेतापुरतं भरलं आणि वाफसा होता तोवर काकांनी ते पेरून घेतलं.

वरचं शेत नांगरून तयार आहे. ते पेरायचं राहिलं आहे.