टकटक्याची काही हरकत नाही

एका जंगलात एक मशीन होतं. ए, हसायचं नाही. जंगलात मशीन का नसावं? तुम्ही घरात माकडासारख्या उड्या मारता, ते चालतं ना? मग गुपचूप बसा आणि ऐका.

तर हे मशीन एका जुन्या झाडाच्या ढोलीत बसवलेलं होतं. सगळे त्याला गाभा म्हणायचे. जंगलातली सगळी यंत्रं गाभ्याच्या हुकुमात. पण गाभ्याला यंत्रांची बोली येत नसे आणि यंत्रांना गाभ्याची. म्हणून प्रत्येक यंत्रासाठी एक दुभाष्या लागायचा. तो म्हणजे सागाच्या पानावर लिहिलेल्या कोडच्या चार ओळी. त्याला म्हणायचे ड्रायव्हर. पान ढोलीत सरकवलं की गाभा त्याबरहुकूम वागायचा.

वरच्या तळ्यातून खालच्या डोहात पाणी सोडायला एक लोखंडी झडप होती. तिचाही ड्रायव्हर होता. गाभा म्हणायचा, "उघड." ड्रायव्हर झडपेची किल्ली घ्यायचा, तिला निरोप द्यायचा आणि ती "उघडले" म्हणेपर्यंत थांबायचा. मग किल्ली जागेवर ठेवायचा.

एक दिवस झडपेत काटकी अडकली. झडप जेमतेम हलून अडकली आणि मुकी झाली. ड्रायव्हर आपला उभाच. गाभ्याला वाटलं, उघडतेय. डोहाला वाटलं, येईल पाणी. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता आणि पाणी मात्र येत नव्हतं.

डोहात भिवरा नावाची पाणमांजर राहायची. काठाच्या मुळांमध्ये तिचं बीळ होतं. बिळाचं तोंड पाण्याखाली, आत कोरडी जागा आणि त्या जागेत तिची पिल्लं. डोळेसुद्धा न उघडलेली. तोंड पाण्याखाली आहे तोवर कुणाची माय व्यायली नव्हती आत शिरायची. पण पाणी उतरायला लागलं, तसं बिळाचं तोंड दिसायला लागलं. आणि समोरच्या दगडावर एक कोल्हा येऊन बसायला लागला.

"मी नुसता उन्हाला बसलोय हं," कोल्हा म्हणायचा. फार सभ्य प्राणी.

भिवराने तळ्यात बुडी मारली आणि काटकी पाहिली. ओढून काढायला किती वेळ लागतो? पण झडपेला कुणी पंजा लावायचा नाही असा जंगलाचा कायदा होता. मागे वानरांनी खेळता खेळता ती उघडी ठेवली आणि अर्धं जंगल वाहून गेलं, तेव्हापासूनचा. कायदा मोडला तर डोह सोडून जायचं. काय बिघडलंय ते ड्रायव्हरमध्ये दुरुस्त करायचं, बस्स.

मग भिवराने पान घेतलं आणि दोन ओळी लिहिल्या. *फार वेळ उत्तर आलं नाही तर थांबणं सोड. झडप मिटून घे आणि पुन्हा उघड.* मिटून उघडली की काटकी आपोआप निसटते. चांगल्या कापडाला लावावं तसं हे छोटंसं ठिगळ होतं.

ठिगळ घेऊन ती वडाखाली गेली. तिथे धोंडाप्पा गवा बसायचा. गाभ्यात कुठलं पान जायचं आणि कुठलं नाही, हे तो ठरवायचा.

"आप्पा, झडपेचं ठिगळ आणलंय. दोनच ओळी आहेत, बघता का?"

"ठेव तिथं. आधी टकटक्याला दाखव."

टकटक्या म्हणजे पत्र्याचा सुतारपक्षी. तो पानावर चोच आपटत जायचा आणि कोडमधले दोष शोधायचा. आता आप्पाची बाजूही ऐकून घ्या, नाहीतर म्हणाल मी त्याच्यावर खार खाऊन आहे. बिचारा पूर्वी सगळी पानं स्वतः वाचायचा. पण पानांचा ढीग त्याच्या शिंगांच्या वर गेला आणि डोळ्यांना पाणी यायला लागलं. म्हणून टकटक्या आणला. टकटक्या थकत नाही, झोपत नाही आणि त्याला तहानही लागत नाही. रीत अशी पडली की टकटक्याने घेतलेल्या प्रत्येक हरकतीला सगळ्यांदेखत आणि नम्रपणे उत्तर द्यायचं. त्याची काही हरकत उरली नाही, की मगच आप्पा पान हातात घेणार.

टक टक टक टक.

"हरकत. ही झडप अस्तित्वातच नसेल तर?"

"अहो, तिला भेटूनच आलेय मी," भिवरा म्हणाली.

"हरकत. वेळ उलटा वाहू लागला तर 'फार वेळ' कसा मोजणार?"

भिवराने आप्पाकडे पाहिलं. आप्पा रवंथ करत होता.

"हरकत. तिसऱ्या ओळीत दोष आहे."

"ती ओळ माझी नाही, जुन्या ड्रायव्हरची आहे. माझ्या पणजोबांच्या आधीपासून आहे ती."

"ओळ तुमची नाही हे मान्य. तरीही आपण खुलासा करावा. आणखी हरकत. झडप मिटून उघडताना किल्ली घेतली आहे, पण जागेवर ठेवलेली नाही."

भिवरा चपापली. पान डोळ्यांजवळ धरून पाहिलं. खरंच की! किल्ली हातातच राहत होती.

"हे मात्र बरोबर आहे," ती म्हणाली. "शाब्बास रे."

तिथेच फसली बाई. एक हरकत खरी निघाली, म्हणून तिला वाटलं की बाकीच्यांतही काहीतरी असणार. तिने घरी जाऊन सगळ्या हरकतींची उत्तरं शोधली. किल्ली ठेवली, झडप नसेल तर काय ते लिहिलं, उलट्या वेळेचीही सोय केली. दुसरी आवृत्ती घेऊन आली.

टक टक टक टक.

"हरकत. हे ठिगळ अकारण मोठं झालं आहे. झडप अस्तित्वात असताना ती नसेल तर, असा विचार कशासाठी?"

"तूच म्हणालास ना मेल्या!"

वडावरची पाखरं दचकून उडाली. आप्पाने रवंथ थांबवला.

"भिवराबाई, मशीनशी असं बोलायचं नाही. रीत आहे आपली."

"आप्पा, बिळाचं तोंड उघडं पडायला आलंय. माझी पिल्लं आहेत हो आत. तुम्ही एकदा वाचा ना. दोन ओळी होत्या फक्त."

"वाचणार ना. तो हो म्हणाला की लगेच वाचणार."

मागून कुणीतरी घसा खाकरला. कोल्हा होता.

"आप्पांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "इतकी महत्त्वाची झडप! घाई नको. नीट तपासून होऊ द्या. आम्ही काय, थांबू."

भिवरा डोहाकडे परतली ती रडतच. काठावर तिची शेजारीण भेटली, तिरपीकाकू खेकडीण. काकूंचं चालणं तेवढं तिरकं, बोलणं एकदम सरळ.

"रडून पाणी वाढणार आहे का? वाढत असेल तर मीही रडते."

"काकू, मी उत्तरं देऊन देऊन थकले हो. एकाला उत्तर दिलं की दोन नव्या हरकती."

"तू कशाला देतेस? माझ्या जावेकडे पत्र्याचा पोपट आहे. कुणी काहीही म्हणो, तो गोड उत्तर देतो. जावेचा संसार त्याच्यावरच टिकलाय. मशीनला मशीनच पाहिजे बाई."

पोपट आणला आणि वडावर टकटक्यासमोर बसवला. शेजारी ठिगळाची पानं ठेवली. भिवराला केवढं हायसं वाटलं! ती बिळापाशी धावली आणि तोंडावर चिखल लिंपत बसली. ती लिंपायची, ऊन तो वाळवायचं, कोल्हा बघत बसायचा.

इकडे वडावर काय थाट!

"हरकत. नावं फार छोटी आहेत."

"किती मार्मिक निरीक्षण! मनापासून आभार. नावं मोठी केली आहेत."

"हरकत. नावं फार मोठी झाली आहेत."

"अगदी नेमकं बोललात! छोटी केली आहेत."

"हरकत. उत्तर आलं नाही म्हणून थांबणं सोडून देणं धोक्याचं आहे. उत्तर येईपर्यंत थांबणं अधिक सुरक्षित."

"वा! हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. तसा बदल केला आहे. आपला ऋणी आहे."

जंगल ऐकायला जमायचं. इतकी सुसंस्कृत चर्चा वडाखाली कधी झाली नव्हती. आप्पाचे डोळे भरून यायचे. दोन ओळींच्या ठिगळाची आता जाडजूड चळत झाली होती. सागाची झाडं बोडकी दिसायला लागली होती.

आणि एक दिवस टकटक्याची चोच थांबली. सगळं जंगल कान टवकारून उभं राहिलं.

"काही हरकत नाही," टकटक्या म्हणाला.

काय जल्लोष झाला म्हणता! मोर नाचले, वानरांनी फांद्या हलवल्या. आप्पाने चळत हातात घेतली, वजन करून पाहिलं, खूश झाला आणि न वाचता ढोलीत सरकवली. सगळे झडपेपाशी धावले. भिवरा सगळ्यांत पुढे.

गाभा म्हणाला, "उघड."

ड्रायव्हरने आधी झडप अस्तित्वात असल्याची खात्री केली. वेळ सरळ वाहतोय ना, ते पाहिलं. किल्ली अदबीने घेतली. निरोप दिला. आणि उत्तर येईपर्यंत थांबला.

थांबला.

थांबलाच.

"अगं बाई," तिरपीकाकू म्हणाल्या, "हा तर तोच मेला."

भिवराने गर्दीवरून नजर फिरवली. सगळे आले होते, कोल्हा तेवढा नव्हता. तिने खाली डोहाकडे पाहिलं तर बिळाच्या तोंडाचा वाळलेला चिखल कुणीतरी उकरत होतं.

मग तिने कायदा, रीत, आवृत्ती, हरकत काही पाहिलं नाही. तळ्यात उडी घेतली, झडपेतली काटकी दातात धरली आणि सगळा जीव एकवटून ओढली. कडाड! झडप उघडली. पाण्याचा लोंढा डोहात कोसळला आणि कोल्ह्याची शेपूट, पाठ आणि सभ्यपणा सगळं भिजवून त्याला पार काठाबाहेर फेकून आला. बिळाचं तोंड पाण्याखाली गेलं. आतून पिल्लांची चिवचिव ऐकू आली तेव्हा भिवरा हुंदके देऊन रडली. तिरपीकाकूही रडल्या, पण आता पाणी वाढायची गरज नव्हती.

कायदा मोडल्याचं कुणी काढलं नाही. सगळे आभाळाकडे बघत होते. मोठ्या प्राण्यांना हे फार छान जमतं.

आप्पा एकटाच उभा होता. हळूच म्हणाला, "भिवराबाई, तुझं ते पहिलं पान आहे का गं?"

तिने दिलं. आप्पाने ते उन्हात धरलं आणि पहिल्यांदाच वाचलं. सावकाश, ओठ हलवत.

"एवढंच होतं?"

"एवढंच. किल्ली ठेवायची एक ओळ राहिली होती, ती खाली लिहिलीय बघा."

"अगं, मग हे तर बरोबर होतं! मला आधी का नाही सांगितलंस?"

भिवरा ओल्या अंगाने नुसती त्याच्याकडे बघत राहिली. आप्पाने मान खाली घातली. खरंच वाईट वाटलं हो त्याला, खोटं कशाला सांगू.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आजच्या आज हे गाभ्यात घालतो. माझ्या हाताने घालतो."

"खरंच आप्पा?"

"खरंच. फक्त तेवढं एकदा टकटक्याला दाखवून आण."

ते पान अजून वडावर आहे. पोपट आभार मानतोय. काटक्या पडायच्या त्या पडतातच, म्हणून भिवरा रोज सकाळी तळ्यात उतरते, दाताने काटकी ओढते आणि मुकाट्याने घरी जाते. वडाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय की झडपेचा ड्रायव्हर निर्दोष आहे.

तात्पर्य : मुलांनो, कुणी कितीही हरकती घेतल्या तरी रागावू नये, प्रत्येकीला गोड उत्तर द्यावं आणि सगळ्यांचं सगळं मान्य करावं. काम झालं नाही तरी चालेल, हरकत शिल्लक राहता कामा नये. आणि दात मात्र रोज नीट घासावेत. शेवटी जंगल त्यांच्यावरच चालतं.