लाल पट्ट्यांच्या चार ओळी

पाहुण्यांसाठी चहा घेऊन काकू शेतात पोहोचल्या, तेव्हा मॅडम नेमकं लाल पट्ट्यांच्या झाडांचं कौतुक करत होत्या. काकूंनी ट्रे तसाच धरून कान दिला.

शेतात झाडांच्या आठ ओळी होत्या, त्यांतल्या चार ओळींच्या खोडांवर लाल पट्टे, आणि ओळींमध्ये मका. पाच वर्षांपूर्वी संशोधन केंद्रातल्या मॅडमनी काकांना हात जोडून सांगितलं होतं, “चार ओळींना शेणखत घाला. लाल पट्ट्यांच्या चार ओळींना मात्र काही म्हणजे काही घालू नका. झाड वाळलं तरी चालेल.” मग दर तीन महिन्यांनी त्या यायच्या, खोडांना टेप लावायच्या, काकांची खताची वही उतरवून घ्यायच्या आणि जायच्या.

आज हा प्रयोग बघायला चाळीस शेतकरी जमले होते.

“पाच वर्षं खताचा कण नाही,” मॅडम खोडावर थाप मारून म्हणाल्या, “तरी खतवाल्यांपेक्षा दीडपट जाड! उद्या माझा अहवाल छापायला जातोय.”

“म्हणजे खत बंदच करू म्हणता?” एका टोपीवाल्यानं विचारलं.

“ह्या झाडांपुरतं, हो.”

“सुटलो बुवा! पाठ मोडली होती.”

काकूंनी ट्रे खाली ठेवला आणि काकांना मक्याच्या आडोशाला ओढलं.

“अहो, ही माणसं खत बंद करतील. त्यांची झाडं मरतील हो!”

“मरायला काय झालंय? आपली बिनखताची बघ की, कशी तट्ट...”

“बिनखताची नाहीत ती.”

“म्हणजे?”

“मी घालत होते. शेण पाण्यात कालवून, बादली बादली. शेजारच्या ओळींनी पोटभर जेवायचं आणि ह्यांनी टकामका बघत बसायचं? मला घास उतरेना.”

“अगं, म्हणून फोफावली होय! मला वाटलं, खतानंच झाडं खुरटतात.”

“मग?”

“मग काय? तिसऱ्या वर्षापासून खतवाल्यांचं खत बंद केलं मी. वहीत मात्र लिहीत राहिलो. मॅडम एवढ्या लांबून येतात, त्यांना वाईट कशाला वाटू द्यायचं?”

“आणि ते खत?”

“पडून राहिलं उकिरड्यात.”

“तरीच म्हटलं, उकिरडा सरत कसा नाही! त्यातलंच तर कालवत होते मी.”

पलीकडे टोपीवाला खत बंद केल्यावर उरणाऱ्या वेळात काय काय करायचं ते सगळ्यांना ऐकवत होता. काकूंनी पदर सावरला आणि सरळ गर्दीत शिरल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. काकांचंही सांगितलं. मॅडमचा चेहरा आधी हसरा होता, मग कोरा झाला.

“पोरी, तुझी पाच वर्षं मातीत घातली गं मी,” काकू म्हणाल्या. “देव मला क्षमा करेल की नाही कोण जाणे.”

“तुम्ही नाही, काकू.” मॅडम म्हणाल्या. “मी वीस वेळा आले. खोडं मोजली, वही वाचली. तुम्हाला मात्र एकदाही काही विचारलं नाही.”

टोपीवाला पुढे सरकला. “वहिनी, शेण पातळ कालवायचं का घट्ट?”

“सकाळी घालायचं का उन्हं उतरल्यावर?” दुसऱ्यानं विचारलं. बघता बघता काकूंभोवती कोंडाळं झालं. मघाशी तासभर मिटलेल्या शेतकऱ्यांच्या वह्या आता उघडल्या.

मॅडमनी हातातल्या अहवालावर हळूच एक तिरकी रेघ मारली. कोरा कागद काढला, रकाने आखले आणि त्याही कोंडाळ्यात शिरल्या.

“काकू, कधी कधी घातलंत? तारखा आठवतात?”

“तारखा कुठल्या, पोरी? कीव आली की घालायचे.”

मॅडम रकान्याकडे बघत राहिल्या. मग डोळे पुसून त्यांनी ‘तारीख’ हा शब्द खोडला, आणि खाली नीट अक्षरात लिहिलं : कीव आली तेव्हा.