सतरा अक्षरांची जागा

माणसाच्या गरजांना अंत नसतो, फायलीला असतो. आमच्या तालुक्याच्या पाणी कचेरीत तो बरोबर दोन जीबीवर येतो. तिथला संगणक युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीवर चालतो आणि त्याहून मोठी फाईल तो ठेवूनच घेत नाही. (नियमाला इतका पक्का कर्मचारी कचेरीत दुसरा नाही.) नवा संगणक मागणारे सात प्रस्ताव आजवर वर गेले. त्यांच्या प्रती याच संगणकात जपून ठेवल्यानं जागा आणखी कमी झाली.

यंदा नळजोडणीची यादी, फोटो आणि अंगठ्यांसकट, दोन जीबीला टेकली. तेव्हा नारायणरावांनी तोड काढली. नारायणराव म्हणजे दोनदा निवृत्त होऊन दोनदा परत बोलावलेले हेडक्लार्क. ते यंत्र त्यांचंच ऐकतं. त्यांनी यादीचे दोन भाग केले. पहिला भाग खिडकी एकवर, दुसरा खिडकी दोनवर. लगेच वरून परिपत्रक आलं, की पहिला भाग काठोकाठ भरावा, एका अक्षराचीही जागा वाया जाऊ नये. काटकसर म्हणावी तर ही.

काठोकाठ भरताना काप बसला तो जळकोटच्या नागम्मांवर. वय सत्तर, गुडघे त्याहून जुने. त्यांचं नाव, गाव, अंगठा पहिल्या भागात राहिला आणि ‘नळजोडणी मंजूर, खोदाई तात्काळ करावी’ ही सतरा अक्षरं दुसऱ्या भागात गेली. आता खिडकी एकवर नागम्मा आहेत, मंजुरी नाही. खिडकी दोनवर मंजुरी आहे, पण कुणाची ते लिहिलेलं नाही. दोन्ही खिडक्यांनी त्यांना सहा खेपांत हे अतिशय सौजन्यानं समजावून सांगितलं.

इकडं खोदाईवाले त्यांच्या गल्लीत शनिवारपर्यंतच आहेत. पाइप दारावरूनच गेलाय. शनिवारी चर बुजला, की नागम्मांनी हायवे ओलांडून रोज चार घागरी आणायच्या, आजवर आणल्या तशाच. (गेल्या महिन्यात एका ट्रकनं घागर नेली. नागम्मा राहिल्या, यावरून वाहतूक सुरक्षित असल्याचं सिद्ध होतं.)

“साहेब, माणूस म्या अन् मंजुरी बी माजीच,” त्या नारायणरावांना म्हणाल्या. “दोनी एका जागी बसवाया काय लागतंय?”

“आक्का, तुमच्या पुढच्यांपैकी कुणीतरी सतरा अक्षरं सोडायला पाहिजेत,” नारायणराव म्हणाले. “मग तुम्ही अख्ख्या वर सरकता.”

हे काही अवघड नव्हतं. पहिल्या भागात चार हजार एकशे बारा नावं आहेत. त्यातल्या एक हजार नऊशे साठ जणांनी नावापुढं काही ना काही लावलंय. समाजभूषण एकशे चाळीस, आदर्श पालक एकोणनव्वद, भावी सरपंच अडतीस (एकाच गावातले). मात्र पदवी कापायला ती मिरवणाऱ्याची सही लागते. नारायणरावांनी तशी नोटीस लावली. ती वाचून अख्खा तालुका हळहळला. भूषणांपैकी दोघांनी नागम्मांना चहा पाजला, एकानं त्यांच्यासोबत फोटो काढला. सही एकाचीही नाही.

आज शुक्रवार. नोटीस मीही दोनदा वाचली. यादीत मी ‘सिद्धाराम गुंडप्पा, माजी उपाध्यक्ष, गणेशोत्सव स्वागत समिती’ असा आहे. नावापुढचं मोजलं, बरोबर सतरा भरलं. पेन खिशातच होतं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण समिती मोडली, मंडप गेला, माझ्यापाशी राहिलं ते एवढंच.

माझा राग येत असेल तर उत्तमच आहे. तुमचंही नाव पहिल्याच भागात आहे आणि त्यापुढं काय लिहून घेतलंय ते तुम्हाला पाठ असणार. खिडकी साडेपाचपर्यंत उघडी आहे. तुम्ही व्हा पुढं, मी आहेच मागं.